कुरडईतल्या हवेचं भाडं

सीमा म्हणजे काय, हे खांडबाऱ्याच्या माणसाला कुणी शिकवू नये. आमच्या तालुक्याच्या गावाचं, नवापूरचं, रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिकीट खिडकी या राज्यात, स्टेशन मास्तर त्या राज्यात. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना राज्यांची नावं रंगवली आहेत आणि येणारे-जाणारे त्यावर बसून फोटो काढतात. गुजरातेत दारूला बंदी, गुटख्याला दोन्हीकडे. म्हणजे दोन्ही शौक असलेला गृहस्थ त्या बाकावर कुठल्याही टोकाला बसला, तरी त्याचा निदान एक खिसा बेकायदेशीर ठरतो. सुरत-भुसावळ गाडीने रोज ये-जा करणाऱ्या आमच्या लोकांना हे सगळं अंगवळणी पडलं आहे. कुठल्या स्टेशनाआधी काय संपवायचं आणि कुठल्या स्टेशनानंतर काय उघडायचं, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

त्यामुळे माझा पुतण्या नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला आणि वहिनींनी त्याला पार्सल पाठवायचं ठरवलं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. एक नाका काय आणि दहा नाके काय. शिवाय युरोपाबद्दल ऐकून होतो की तिकडे आपसातले नाके त्यांनी केव्हाच काढून टाकले. हे खरंही आहे. 1968 मध्ये त्यांनी आपसातली जकात उठवली आणि 1993 पासून सीमेवरची तपासणीही बंद केली. आज सत्तावीस देशांत माल असा फिरतो, जसा आमच्याकडे सोयऱ्यांच्या घरात पाहुणा फिरतो. फक्त नाके काढले म्हणून नाकेदार गेले असं होत नाही. ते सगळे मिळून बाहेरच्या दारात बसले आहेत, आणि त्या दारात आमच्या वहिनींचा खोका जाऊन उभा राहणार होता.

स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सात-बारा, जातीचा दाखला, आधारची दुरुस्ती, पीकविमा, असलं सगळं मी भरून देतो. सरकारला काय हवं असतं याचा माझा अभ्यास गावात मानला जातो. तेव्हा परदेशी पार्सलाचा जकातीचा फॉर्म भरायला वहिनी माझ्याकडे आल्या, यात नवल नव्हतं. येताना यादी घेऊन आल्या होत्या. गव्हाच्या कुरडया, ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, नवापूरची तूरडाळ, नंदुरबारच्या वाळवणाच्या पथारीवरून आणलेल्या मिरचीचं तिखट, काळा मसाला, आमचूर, बेसनाचे लाडू, एक बरणी साजूक तूप, भरताची वांगी आणि झाडाचे आंबे.

"वहिनी, हे पार्सल आहे की आंदण?"

"भाऊजी, पोरगा तिकडे पाव खाऊन ऱ्हायना. तुम्ही लिहा."

मी लिहायला बसलो, पण आधी नियम वाचले. नियम वाचणं हा माझा धंदा असल्यामुळे ते मी मन लावून वाचतो, आणि युरोपचे नियम वाचताना तर मला साहित्यवाचनाचा आनंद झाला.

वांगी पहिल्याच फटक्यात गेली. ताजी भाजी युरोपात न्यायची, तर वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला लागतो. आमच्याकडे माणसाच्या आरोग्याचा दाखला मिळवायला तालुक्याला चकरा होतात, वांग्याला घेऊन कुठे फिरायचं? शिवाय वांग्याचा युरोपशी जुना वाद आहे. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि तिचे भाऊबंद सापडले आणि 1 मे 2014 पासून युरोपने हापूस आंब्यासकट वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना दार बंद केलं. पेपरांत रकानेच्या रकाने आले ते हापूसचे. कोकणच्या राजासाठी मंत्री बोलले, व्यापारी बोलले, इंग्लंडचे खासदारसुद्धा बोलले, आणि 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. वांग्यासाठी कोण बोललं? अख्खा खानदेश भरतावर जगतो आणि आमच्या वांग्याची बातमी हापूसच्या बातमीत शेवटच्या ओळीत छापून आली. पडवळाबद्दल मात्र माझी युरोपविरुद्ध काहीही तक्रार नाही.

आंबेही याच दाखल्यापायी राहिले. त्याच आंब्याचे काप वाळवून कुटले की त्याचं आमचूर होतं आणि त्याला मात्र कुणी दाखला विचारत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात आदिवासी बाया पिढ्यान् पिढ्या आमचूर करतात, त्यांना ही युक्ती युरोपियन युनियन जन्मायच्या आधीपासून माहीत असावी.

पण खरी गंमत पुढे आहे. या दाखल्यातून युरोपने पाच फळं मोकळी सोडली आहेत: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. ड्युरियन हे आग्नेय आशियातलं फळ. त्याचा वास इतका प्रसिद्ध आहे की सिंगापूरच्या मेट्रोत ते घेऊन बसायला मनाई आहे. ते युरोपात खुशाल जातं आणि आमचं निरुपद्रवी वांगं दारात अडतं. केळी मोकळी आहेत हे वाचून मला जळगावचे माझे सगळे सोयरे आठवले. त्यांना हे कळू द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. लग्नकार्यात आधीच ते केळीबद्दल फार बोलतात.

मग तूप. दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस आणि मांसाचे पदार्थ, हे खासगी पार्सलातून युरोपात पाठवता येत नाहीत. तोंडखुरी-पायखुरीसारखे जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून ही काळजी. तेव्हा तुपाची बरणी परत. यावर वहिनींनी विचारलं, "आन लाडू? लाडवात तर पावशेर तूप शे."

हा प्रश्न कायद्याच्या कुठल्याही परीक्षेत घालावा. मी पुन्हा वाचलं. केक, बिस्किटं, चॉकलेट आणि मिठाई यांना, त्यात मांस नसेल तर, सूट आहे. याचा अर्थ असा, की तूप बरणीत एकटं बसलं तर ते रोगराईचा संशयित, आणि बेसनाशी लग्न लावून आलं की मिठाई. मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे बरणी माझ्या हातातून घेतली. दुसऱ्या दिवशी लाडू आले ते यादीपेक्षा दुप्पट होते आणि हातात घेताच बोटं चमकत होती. बरणीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तिखटाबद्दल मला उगीच धाकधूक होती. नंदुरबारची मिरची लाल असते ती स्वतःच्या गुणाने, पण सगळ्या भारतातल्या मिरचीचं नाव एकदा युरोपात खराब झालेलं आहे. 2003 मध्ये तिकडे भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-1 नावाचा कापडं-मेणाला लावायचा लाल रंग सापडला. 2005 मध्ये तर ब्रिटनमध्ये एका सॉसमधून हा रंग शेकडो तयार पदार्थांत गेला आणि दुकानांतून ते सगळे परत मागवावे लागले. तेव्हापासून व्यापारी मालाच्या मिरचीकडे ते लोक डोळे बारीक करून बघतात. आमच्या घरच्या अर्धा किलो तिखटाला प्रयोगशाळेत कोण नेणार, पण नेलंच असतं तर तपासणाऱ्याचं काय झालं असतं, याची मला काळजी होती. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथारींजवळून जाताना आमची जन्मापासूनची सवयीची नाकंसुद्धा शिंकतात.

खाण्याचं असं ठरल्यावर फॉर्मची पाळी आली. टपालाच्या या फॉर्मला सी.एन. 22 म्हणतात, माल जास्त किमतीचा असेल तर सी.एन. 23. जगभराच्या टपाल खात्यांची संघटना 1874 मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात जन्माला आली आणि भारत तिच्यात 1876 मध्ये गेला. तेव्हापासून हे लोक कागदाचा आकार आणि रकाने यांवर एकमत करत आले आहेत. जगात दुसऱ्या कशावरही इतक्या देशांचं इतकं जुनं एकमत नसेल. 2021 पासून त्यात भर अशी, की युरोपला जाणाऱ्या पार्सलाची माहिती विमान सुटायच्या आधी संगणकावरून तिकडे पोचली पाहिजे. नुसतं 'भेटवस्तू' किंवा 'खाऊ' लिहून भागत नाही. काय आहे, कशाचं आहे, किती नग, किती वजन, किती किंमत आणि शक्य तर त्या वस्तूचा आंतरराष्ट्रीय क्रमांक.

क्रमांकाचं काम मला आवडतं. जगातली प्रत्येक वस्तू या पद्धतीत सहा आकड्यांत बसवलेली आहे आणि पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. आपल्या सरकारच्या यादीत पापडाला त्याचा स्वतंत्र आठ आकडी क्रमांक आहे: 1905 90 40. हे वाचून अभिमान वाटला. पापडाला या देशात एकूणच मान आहे. 2021 मध्ये गोल पापडाला कर नाही पण चौकोनी पापडाला आहे, अशी आवई उठली होती. तेव्हा दिल्लीच्या कर मंडळाला जाहीर करावं लागलं की पापड कुठल्याही नावाचा आणि कुठल्याही आकाराचा असो, त्याला जीएसटी नाही. कुरडईचं नाव मात्र मला त्या यादीत दिसलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मग पापडातच लिहा." मी म्हटलं, कुरडई पापड नाही. त्या म्हणाल्या, "पापडाच्या शेजारीच वाळते ना?" सरकारी वर्गीकरणाच्या कित्येक निर्णयांमागे याहून भक्कम कारण नसतं, त्यामुळे मी तसंच लिहिलं.

आणि मग आला किमतीचा रकाना.

युरोपचा नियम असा, की एका माणसाने दुसऱ्या माणसाला, पैसे न घेता, कधीमधी पाठवलेली घरगुती भेट 45 युरोंपर्यंतची असेल तर तिला ना जकात, ना तिकडचा व्हॅट. दुकानातून मागवलेल्या मालाला ही माया नाही. पूर्वी 22 युरोंपर्यंतच्या मालाला व्हॅट माफ होता, तो 1 जुलै 2021 ला बंद झाला. जर्मनीत हा व्हॅट एकोणीस टक्के, खाण्याच्या बऱ्याच वस्तूंना सात. लक्झेंबर्गमध्ये सतरा, हंगेरीत सत्तावीस. म्हणजे पुतण्या बुडापेस्टला गेला असता तर आम्हाला आणखी विचार करून प्रेम करावं लागलं असतं.

मी वहिनींना म्हटलं, "पंचेचाळीस युरोंच्या आत किंमत बसली पाहिजे. कुरडयांची किती लिहू?"

"म्हणजे?"

"म्हणजे विकल्या असत्या तर किती आल्या असत्या?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या सुनेचा भाव विचारला होता. कुरडई हा विकायचा माल नव्हे, हे त्यांचं म्हणणं. त्यातले गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून मोठ्या पातेल्यात शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर ऊन तापायच्या आत घालून मोकळं व्हायचं. चीक शिजताना घरातली पोरं वाट्या घेऊन उभी असतात, तो वाटा वेगळा. मग दिवसभर कावळे, माकडं आणि शेजारणी यांच्यावर लक्ष ठेवायचं. याची किंमत काय लिहायची?

"मजुरी धरा," मी म्हटलं.

"मजुरी? मन्हा पोऱ्याच्या कुरडयांची मजुरी?"

"नुसत्या गव्हाची धरली तर दीडशे रुपये होतील."

यावर त्या उठून उभ्याच राहिल्या. दीडशे रुपयांची वस्तू विमानाने पाठवणारी बाई म्हणून परदेशात आपलं नाव कागदावर जाणार, हे त्यांना मंजूर नव्हतं. "पाच हजार लिहा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की पाच हजार लिहिले तर पंचेचाळीस युरोंची हद्द तिथेच ओलांडली जाईल आणि लाडवांवर कर लागेल. "हाऊ काय कायदा शे?" असं म्हणून त्या गेल्या.

जगातले सगळे जकातचोर किंमत कमी सांगतात. जकातीची सगळी यंत्रणा, तिचे दंड, तिची चौकशी, तिचे जाणकार अधिकारी, हे त्याच एका गृहीतावर उभे आहेत. खांडबाऱ्याच्या बाईला किंमत कमी लिहिल्याचा राग येतो, याची तरतूद त्या यंत्रणेत कुठेही नाही.

किंमत निदान माझ्या हातात तरी होती. पार्सलाचं भाडं तेवढंही नव्हतं. टपालाहून लवकर पोचावं म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, सुरतच्या एका कुरिअरवाल्याला फोन लावला. त्याने वजन विचारलंच नाही. तो म्हणाला, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये सांगा. ती एकमेकांशी गुणायची आणि 5000 ने भागायची. येईल ते वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यांत जे जास्त असेल त्याचे पैसे. विमानात जागा महाग असते, म्हणून जगभर कुरिअरवाले असाच हिशेब करतात.

कुरडई म्हणजे काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. कुरडईत गहू नावापुरता असतो, बाकी सगळी हवा. ती दाबता येत नाही, दुमडता येत नाही, एकावर एक दडपता येत नाही. आम्ही जो खोका घेतला तो 50 बाय 40 बाय 40 चा. गुणाकार 80,000, भागाकार 16. आत कुरडया तीन किलो. म्हणजे तेरा किलो खानदेशी हवा आम्ही युरोपला पाठवणार होतो आणि तिचं भाडं भरणार होतो. आप्पांनी हिशेब दोनदा तपासला. मग विचारलं, "तिकडून येताना खोका रिकामा असला तर त्याचंही घेतात का?"

त्यावर उपाय म्हणून मी सुचवलं की कुरडयांच्या मधल्या जागेत डाळ भरावी. डाळ जड आणि जागा कमी खाणारी. शिवाय नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा ती कुरडयांच्या पोटात बसून गेली तरी अब्रूने जाईल. भरल्यावर खोका हलवला तर आतून असा आवाज आला, की वहिनींनी पुन्हा सगळं काढून प्रत्येक कुरडई मोजली.

युरोप असाच कडक होत जाणार, असं दिसतं. यात त्यांचीही अडचण आहे. 2024 मध्ये 150 युरोंच्या आतली अशी 4.6 अब्ज पार्सलं युरोपियन युनियनमध्ये आली, दिवसाला सव्वा कोटी. त्यातली शंभरातली एक्याण्णव एकट्या चीनमधून. दोन-दोन युरोंची मोबाइलची कव्हरं, टी-शर्ट, झुमके. या रकमेच्या आतल्या मालाला तेव्हा जकात नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांनी ठरवलं की 1 जुलै 2026 पासून दुकानांच्या अशा छोट्या मालावर नगामागे तीन युरो घ्यायचे. अमेरिकेने तर 800 डॉलरांपर्यंतची सूट ऑगस्ट 2025 मध्ये सगळ्याच देशांसाठी काढली. कर कुणी गोळा करायचा हेच कुणाला कळेना, म्हणून आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवावं लागलं. ती ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाली. तेवढ्या काळात न्यू जर्सीतल्या मराठी घरांत भाजणीचे डबे कसे रिकामे होत गेले असतील, ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. भांडण चीनच्या झुमक्यांशी, आणि उपास घडले थालीपिठाला.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात फार सुखावून गेली. परदेशी भेट पाठवणं हा आमच्या तालुक्याचा नवा नाद नाही. सतराव्या शतकात ज्याँ-बाप्तिस्त तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा येत होता. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता तेव्हा नवापूर आणि नंदुरबारवरून जायचा. त्याने लिहून ठेवलं आहे की नवापूर हे विणकरांचं मोठं गाव, पण तिथला खरा व्यापार तांदळाचा. तिथला तांदूळ नेहमीच्या तांदळाच्या निम्म्या दाण्याचा, शिजला की बर्फाहून पांढरा, आणि त्याला कस्तुरीसारखा वास. इराणात कुणाला भेट द्यायची असली तर या तांदळाचं पोतं न्यायचे, हेही त्याने लिहिलं आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या भागातून परदेशात खाऊचं पार्सल जात होतं आणि ते कुणी तिकडच्या मोठ्या माणसाला देण्याजोगं होतं. त्या पोत्याची लांबी-रुंदी-उंची कुणी मोजली नसणार. तांदूळ तसाही पोत्यात शहाण्यासारखा बसतो.

जकात मात्र तेव्हाही होती. सुरतेच्या बंदरावरच्या जकातघराचं वर्णन तावेर्नियेने केलं आहे. गलबत लागलं की सगळा माल तिथे न्यायचा, माणसाची अंगझडती व्हायची, आणि खासगी व्यापाऱ्याकडून चार-पाच टक्के घ्यायचे. इंग्रज आणि डच कंपन्यांना कमी. मोठ्याला सवलत आणि किरकोळाला तपासणी, ही रीत मोगलांनी सोडली नाही, इंग्रजांनी सोडली नाही. जर्मनीने एकट्याने ती का सोडावी?

पार्सल निघालं. त्याचा प्रवास मोबाइलवर दिसत होता. वहिनींना रोज सकाळी मी सांगायचो, आज अमुक ठिकाणी आहे. एका ठिकाणी ते जरा जास्त थांबलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं ऊन लागतं का? कुरडया मऊ पडतील." मग एक दिवस पुतण्याला चिठ्ठी आली की पार्सल जकात कार्यालयात आहे, येऊन घेऊन जा.

जर्मनीत याची एक रीत आहे. कागदावरून उलगडा झाला नाही की पार्सल घरी न येता जकात कार्यालयात जातं आणि ते अधिकाऱ्यापुढे घेणाऱ्यानेच उघडायचं असतं. अधिकारी हात लावत नाही, चाकू देतो. पुतण्याने खोका कापला आणि काळ्या मसाल्याचा वास त्या खोलीत पसरला. पुतण्या सांगतो की शेजारच्या खिडकीवरचा माणूस उठून बघून गेला. मग बिबडे निघाले, पापड निघाले, ते लाडू निघाले. अधिकाऱ्याने लाडवाकडे बघून विचारलं, "मांस?" पुतण्याने मान हलवली. "मिठाई?" पुतण्याने मान हलवली. लाडू सुटला.

मग कुरडई. अधिकाऱ्याने एक उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि विचारलं की हे कशासाठी वापरतात. खातात, असं पुतण्याने सांगितलं. अशीच? नाही, तळून. तळल्यावर काय होतं? तिप्पट मोठी होते. अधिकाऱ्याने खोक्याकडे पाहिलं, मग कुरडईकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एका जबाबदार सरकारी माणसाची चिंता उमटली.

"किंमत?"

"आईने घरी केल्या."

"हो, पण किंमत?"

कागदावर मी लिहिलेली रक्कम होतीच. वहिनी आणि मी यांच्यात तह होऊन ती ठरली होती. पण अधिकाऱ्याला ती पटेना. पार्सलाचं भाडं एवढं आणि माल एवढ्याचा? कोण शहाणा माणूस असं करतो? पुतण्याने सांगितलं, माझी आई. हे उत्तर जर्मन भाषेतही चाललं असावं, कारण अधिकाऱ्याने आणखी काही विचारलं नाही. त्याने स्वतःच्या अंदाजाने कुरडयांपुढे वीस युरो लिहिले, सगळी बेरीज पंचेचाळीसच्या आत आली, आणि कर शून्य लागला. कुठल्याही व्यवहारी घरात यावर पेढे वाटले असते.

वहिनींना हे मी दुकानातूनच फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"वीस?"

"वीस युरो, वहिनी. दोन हजार रुपये होतात."

"सगळ्या कुरडयांचे?"

"सगळ्या."

"तेस्ना बापनं काय जास," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कर माफ झाला याचं त्यांना काहीच नव्हतं. एका परक्या माणसाने त्यांच्या हातच्या कुरडया उजेडात धरून बघितल्या आणि वीस म्हणाला, हे त्यांच्या मनातून जाईना. चार दिवस त्यांनी मला चहा दिला तो साखर कमी घालून.

वाद इथे मिटला असता. पण पुतण्याने शहाणपणा केला. आईचा त्रास आणि भाड्याचा खर्च वाचावा म्हणून त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की आई, आता काही पाठवू नको, इथे भारतीय दुकानात कुरडया मिळतात.

"कितीला?"

"पाकिटाला चार युरो."

"पाकिटात किती?"

पुतण्याने पाकीट उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. वहिनींनी चष्मा घातला आणि प्लास्टिकच्या आतल्या कुरडया मोजल्या. आठ होत्या, त्यातली एक मोडकी. मग त्यांनी माझ्याकडून कॅल्क्युलेटर मागून घेतला. आजवर त्या म्हणत होत्या की कुरडईला किंमत नसते. आता त्यांच्याकडे भाव आला होता, आणि तोही स्टुटगार्टचा. त्या हिशेबाने गच्चीवर वाळलेल्या मालाची रक्कम त्यांनी मांडली, तेव्हा आप्पांनी खुर्ची ओढून जवळ घेतली.

यंदाचं पार्सल त्यामुळे वेगळ्याच कारणाने अडलं आहे. स्टुटगार्टच्या दराने लिहिलं तर एकट्या कुरडयाच पंचेचाळीस युरोंच्या पुढे जातात, आणि त्याहून कमी दराने लिहायला वहिनी तयार नाहीत. कर भरायची त्यांची तयारी आहे, पण तो पुतण्याला भरावा लागेल. तिकडे कराहूनही, कर आधी भरून दिल्याबद्दल पार्सलवाले जी मजुरी लावतात ती जास्त होते, हे आप्पांना कुणीतरी सांगितलं आहे. कुरडया कमी करायचा विषय मी काढून पाहिला, पण पुन्हा काढणार नाही.

शेवटी तोड निघाली ती आप्पांच्या सुपीक डोक्यातून. भेट एका माणसाने एका माणसाला द्यायची असते ना? मग पोराला आई आहे तसा बापही आहे. निम्म्या कुरडया वहिनींच्या नावाने आता जातील, निम्म्या आप्पांच्या नावाने पुढे दिवाळीला. दोन्ही खरोखरच्या भेटी, दोन वेगळ्या प्रसंगांच्या. मी नियम वाचून पाहिले, त्यात वावगं काही सापडलं नाही. अडचण घरातच निघाली. आप्पांच्या फॉर्मवर मालाच्या रकान्यात मी 'घरी केलेल्या कुरडया' असं लिहिलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव. वहिनींनी कागद हातात घेऊन दोन्ही ओळी एकाखाली एक वाचल्या.

"यांनी केल्या?"

"तसं नाही वहिनी, पाठवणारे फक्त."

"पाहणाऱ्याला काय समजेल?"

आप्पा म्हणाले की कावळे हाकलायला गच्चीवर तेच बसले होते. वहिनींनी विचारलं, कोणत्या दिवशी. आप्पा दिवस आठवू लागले. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, पण दोघंही उठायला तयार नव्हते आणि बाहेर भुसावळकडची गाडी लागल्याचा आवाज आला तरी फॉर्मवर सही झालेली नव्हती.